सिद्धूची उघडती फळी

सांगलीत कुनालाबी इचारा, धरणेंद्राचं विमान कुठलं, लगीच सांगतील. म्हनतील, व्हय की, लढाई संपल्यावर हळदीच्या पेढीवाल्याच्या पोरानं घरीच बांधलं हुतं, आमी डोळ्यानं बघितलंय उडताना. आन सिद्धूची फळी इचारा. कोन सिद्धू, म्हनतील. माझ्या अंगाचा असा तिळपापड हुतो की सांगून सोय न्हाई. म्हनून आता मीच सांगती. ऐकायचं तर सबंध ऐका, अर्ध्यावर उठून जाऊ नका.

सिद्धू माझा धाकटा भाऊ. मी हरणाबाई. आमचा बाप बिराप्पा हरिपुरात पेवात उतरायचा. सांगलीची हळद जमिनीखाली खोल पेवात ठेवत्यात. आत मोप जागा, पर तोंड एवढंसं, मानूस अंग चोरून जाईल एवढंच. पेव उघडलं की आदी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा वंगाळ, मग कुनी उतरायचं न्हाई. एक दिस लय घाई हुती. दिवा सोडलाच न्हाई आन बाप उतरला. वर आला ते मढंच आलं. सिद्धू तवा तिथंच कडंला हुता. तवापास्नं त्या पोराला कशाच्या आत डोस्कं घालायचं म्हनलं की घाम फुटायचा. साधा रांजण घासाय सांगितला तर आडवा करून लांबनं काठीनं घासायचा. मी हसायची त्येला. आता हसू येत न्हाई.

माझं लगीन झालं, दादला पटकीच्या साथीत गेला, सासरच्यांनी वाट दाखवली. मी भावाच्या दारात आली. तो म्हनाला, "अक्का, ह्ये तुझंच घर हाय. मी हाय तवर तुला कुनाच्या तोंडाकडं बघाय लागनार न्हाई." ह्येच्यावर मी जगली. ना पोर, ना शेत, ना दुसरं मानूस. काय हाय ते ह्यो एक भाऊ.

लढाई लागली तवा सिद्धू विमानांच्या पलटनीत भरती झाला. उडवायला न्हवं बरं का, दुरुस्तीला. विमानात उडवनाऱ्याच्या म्होरं एक फळी असती, तिच्यात घड्याळावानी यंत्रं बसवल्याली असत्यात. एक वेग सांगतं, एक उंची सांगतं, एक तेलाचा दाब, एक दिशा. ती बिघडली की नीट करायचं काम सिद्धूचं. आन नशिबाची थट्टा बघा. ती यंत्रं म्होरनं दिसत्यात, पर त्यांच्या नळ्या आन तारा समद्या फळीच्या मागं. मागं जायाला वाट न्हाई. मग काय करायचं? बसायच्या जागंवर पाय वर करायचं, उताणं पडायचं, फळीखाली डोस्कं घालायचं आन अंधारात चाचपत बसायचं. ब्रह्मदेशाच्या रानात, तापल्याल्या पत्र्यात, ह्यो पोरगा बापाचं मढं आठवत डोस्कं आत घालायचा आन ओकत बाहीर यायचा. रजेवर आला की मला सांगायचा, "अक्का, एक दिस मी अशी फळी करनार की डोस्कं आत घालायलाच नको. तीच आपल्याकडं यील."

मी म्हनायची, "आदी जित्ता परत ये, मग फळी कर."

जित्ता आला. चांगल्या चालीचा दाखला घीऊन आला. आल्या आल्या धरणेंद्र दारात हजर.

ह्यो धरणेंद्र मंजी मी ज्या वखारीत हळद निवडाय जायाची, तिथल्या पेढीवाल्याचा ल्योक. सिद्धूच्या संगं मराठी शाळेत एका बाकावर बसल्याला. गोरागोमटा, हसरा, जिभंवर साखर. पुन्याला जाऊन थोडंफार उडवायला शिकला हुता. त्याच्या डोक्यात भूत शिरलं, आपन घरीच विमान बांधायचं. लिलावातनं मोडक्या विमानाचं इंजिन आनलं, लाकूड आनलं, कापड आनलं, गावाभाईरच्या वखारीत सांगाडा उभा केला. मला बघितलं की पाया पडायचा. "हरणाअक्का, तुमचा सिद्धू नसंल तर माझं विमान मंजी नुसती सुताराची खाट हाय," म्हनायचा. आन मी येडी, फुगायची.

सिद्धू त्येला म्हनाला, "यंत्रं मी बसवतो. पर फळी माझ्या पद्धतीनं."

"तुझ्याच पद्धतीनं, गड्या!"

मग यंत्रं आली. धरणेंद्राच्याच बैलगाडीतनं, पेट्यांत भरून. सिद्धूनं पेटी उघडली, एक यंत्र उलटं केलं. मागं सरकारी बाणाचा शिक्का, लष्कराच्या मालावर मारत्यात तो. आता लिलावात इकल्याल्या मालावरबी तो शिक्का असतो, त्यामुळं नुसत्या शिक्क्यावरनं काय कळत न्हाई. तरीबी सिद्धूनं इचारलं, "धरणेंद्र, माल सरळ हाय न्हवं?"

"लिलावातला हाय रं. कागद बाबांच्या तिजोरीत."

"बघू की कागद."

तवा धरणेंद्रानं काय केलं ठावं हाय? खांद्यावरचा रुमाल काढला, सिद्धूच्या हातावर टाकला आन रुमालाखाली त्याचा हात गच्च दाबला. तोंडानं एक शबुद न्हाई.

तुमी सांगलीचं नसाल तर तुमाला ह्यातलं वजन कळायचं न्हाई. आमच्या बाजारात हळदीचा भाव रुमालाखाली ठरतो. बोटं धरायची, दाबायची, कुनाला दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. पर एकदा हात दिला की दिला. मागनं भाव पडू दे, घर बुडू दे, हात माघारी घ्यायचा न्हाई. ह्यो हात व्यापारी व्यापाऱ्याला देतो. पेवकऱ्याच्या पोराला कोन देतो? सिद्धू घरी आला तो हवेतच. "अक्का, त्यानं मला बरोबरीनं हात दिला!" मीबी म्हनलं, आता कागद कशाला पायजे. मीच म्हनलं की ह्ये! आमच्यासारख्यांनीच खावी अशी ठेच हाय ती. साहेबाच्या पोरानं कागदच मागितला असता.

मग सिद्धू लागला कामाला. जेवन इसरला, झोप इसरली. आमच्या सोप्यात त्यानं पत्र्याची फळी कापली, तिच्यात गोल भोकं पाडली. ज्याच्याकडं घडीघडी बघायचं ती यंत्रं मधी, कवातरी बघायची ती कडंला. फळीच्या खालच्या अंगाला लांबच्या लांब बिजागरी. वरच्या अंगाला दोन मळसुत्री खिट्ट्या, नुसत्या बोटानं फिरवायच्या, पेचकस नको. फिरवल्या की फळी आपल्याकडं वाकायची आन दोन चामड्याच्या पट्ट्यांवर मांडीवर टेकायची. मागचं समदं उघडं, उजेडात. बसल्या जागी नीट करा.

म्हनायला सोपं, पर पयल्यांदा काय झालं, फळी उघडली की मागच्या नळ्या ताणायच्या. एक तर चपटीच झाली. सिद्धूनं नळ्या लांब केल्या, तर फळी मिटताना त्यांची गुंतवळ व्हायची. रागानं त्यानं फळी भिरकावली, ती माझ्या पिठाच्या परातीत. म्या शिव्या दिल्या. "मुडद्या, येवढं कळंना? दाराला दोरी बांधायची तर कडीच्या अंगाला बांधली की ताणती. बिजागरीपाशी बांध, दार हजारदा उघड, दोरी हलत बी न्हाई!"

तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मग उठला, पीठ झाडलं, आन समद्या नळ्या खालनं, बिजागरीच्या कडंनं घेतल्या. फळी उघडली, मिटली. नळ्या जरा वाकायच्या आन गप पडायच्या. सिद्धूनं मला उचलूनच घेतलं. "आरं सोड, लोक बघत्यात!" म्हनलं. पर मला बी लय आनंद झाला हुता, खोटं कशाला बोलू.

नदीपल्याड सातारा जिल्ह्याच्या हद्दीत आदगोंडा म्हनून एक शेतकरी. ऊस तुटल्यालं मोठं सपाट रान हुतं त्याचं, ते त्यानं दिलं. धरणेंद्रावानी जैनच, त्याच्या नात्यातला, तोंडाचा फटकळ. उडवायच्या दिवशी सारं गाव लोटलं. साताऱ्यास्नं कुनी बडी मंडळी बोलवली हुती, वर्तमानपत्रवाला बी हुता. पावन्यांनी विमान बघितलं, आत डोकावलं. धरणेंद्रानं दोन बोटांनी खिट्ट्या फिरवल्या आन फळी उघडून दावली. पावना चाटच पडला. "वा! ही अक्कल कुणाची?"

सिद्धू तिथंच उभा हुता, हाताला तेल लागल्यालं. मी कुंपनापाशी. मला वाटलं, आता नाव घेतोय. आता घेतोय.

धरणेंद्र हसून, मोठ्यांदी म्हनाला, "माझीच. रात्रंदिवस डोकं खाजवलं, तेव्हा सुचली."

आगं आई गं! सिद्धूनं खाली बघितलं. पलीकडं आदगोंडा हुता, त्यो मोठ्यानं खाकरला आन थुकला. मग इंजिन सुरू झालं, विमान रानातनं धावलं, कडुलिंबाच्या झाडाएवढं उंच उडालं आन परत टेकलं. लोकांनी धरणेंद्राला खांद्यावर घेतलं. सिद्धू चाकं तपासत बसला.

घरी आल्यावर मी भडाभडा बोलली. तो एवढंच म्हनाला, "म्हनू दे, अक्का. पावन्यांम्होरं तोंडातनं गेलं आसंल." पर जेवला न्हाई. ताट तसंच सारलं.

वर्तमानपत्रात छापून आलं. छापून आलं मंजी सगळीकडं गेलं. थोड्याच दिसांत एक लष्करी साहेब आन पोलीस आदगोंडाच्या रानात आलं. लष्कराच्या डेपोतनं यंत्रं चोरीला गेली हुती. सिद्धू इंजिनाशी हुता, मी त्याची भाकरी घीऊन गेल्याली. साहेबानं इचारलं, ही यंत्रं कुठली?

धरणेंद्राचं त्वांड पांढरं पडलं. मला वाटलं, आता सांगल, लिलावातली, कागद तिजोरीत. सांगितलं न्हाई. सांगनार कुठनं? कागद असतील तर! चोराकडनं घेतलं हुतं मेल्यानं, समदं ठावं असून. त्यानं काय केलं, विमानात वाकला, त्या दोन खिट्ट्या फिरवल्या आन फळी साहेबाच्या म्होरं उघडी टाकली. एका झटक्यात समद्या यंत्रांच्या पाठी उजेडात. समदे बाणाचे शिक्के वळीनं.

"बघा साहेब," म्हनाला, "मला यातलं काही कळत नाही. हा सिद्धू विमानदळात होता. यंत्रं यानंच आणली, यानंच बसवली. फळीही यानंच केली."

ऐकलंत का? मान पायजे तवा फळी त्याची. पाप आलं तवा फळी सिद्धूची. केसानं गळा कापला वो माझ्या भावाचा! मी भाकरीचं गठुडं फेकून मारलं धरणेंद्राला. पोलिसानं मला धरलं. सिद्धू मातूर नुसता धरणेंद्राच्या हाताकडं बघत हुता, खिट्टीवर ठेवल्याल्या.

मी धरणेंद्राच्या आईकडं गेली. चंदनबाला तिचं नाव. दिवस मावळला की पान्याचा थेंब घेत न्हाई, मुंगीवर पाय पडू देत न्हाई, अशी बाई. मी तिच्या उंबऱ्यावर पदर पसरला. म्हनलं, "वयनी, पोराला एवढं खरं बोलाय सांगा. माझं दुसरं कुनी न्हाई." तिच्या डोळ्याला धार लागली. म्हनाली, "हरणाबाई, मला सगळं ठाऊक आहे. पण पोटचा गोळा आहे तो. मी कशी त्याला आत पाठवू?" मी म्हनलं, "आन माझा भाऊ काय उकिरड्यावर सापडला व्हय?" तिनं दार लावून घेतलं. रडत रडत लावलं, पर लावलं.

सिद्धूला साताऱ्याला नेला. मी सर्व्हिस मोटारीत बसून गेली. वकील गाठला, भला मानूस हुता. त्यानं पयलं इचारलं, माल सरळ हाय असा धरणेंद्रानं भरवसा दिला तवा साक्षीदार कोन? मी म्हनलं, रुमालाखाली कसला वो साक्षीदार? त्यानं कपाळाला हात लावला. मग दुसऱ्या दिशी आदगोंडा आपल्या पायानं आला. म्हनाला, "धरणेंद्र माझ्या पावण्यातला हाय, पर खोटं ते खोटं. साऱ्या गावाम्होरं तो म्हनाला की फळी माझीच. मी सांगतो की कोर्टात!"

वकिलाचं डोळं लकाकलं. त्यानं मला समजावलं. "बाई, सिद्धूविरुद्ध आहे काय? फक्त धरणेंद्राचा शब्द, की यंत्रं यानं आणली आणि फळी यानं केली. आदगोंडा शपथेवर सांगेल की फळी माझी असं धरणेंद्र स्वतः म्हणाला. सिद्धूनं एवढंच म्हणायचं, मी विमानाची चाकं बघत होतो, फळी मी केली नाही. धरणेंद्राचा एक शब्द खोटा ठरला की सगळाच खोटा. तुमचा भाऊ सुटला समजा."

मला देव भेटल्यावानी झालं. तुरुंगाच्या गजाशी जाऊन सिद्धूला समदं सांगितलं. मी म्हनलं, "आरं, आता त्यो म्हनतोय न्हवं त्याची, तर त्याचीच म्हन! फळी गेली खड्ड्यात. तू घरी ये." त्यानं मान फिरवली. मग म्या गजातनं त्याचा हात धरला. "मला शबुद दे. माझ्यासाठी."

म्हनाला, "दिला, अक्का."

कोर्टाच्या दिवशी मी म्होरंच बसली. फळी टेबलावर ठेवल्याली, चौकटीसकट विमानातनं काढून आनल्याली. आदगोंडा उभा ऱ्हायला, खणखणीत बोलला. धरणेंद्राच्या वकिलानं लय फिरवला त्येला, पर गडी ढळला न्हाई. धरणेंद्र पार घामाघूम. मॅजिस्ट्रेट सायबानं त्याच्याकडं असं बघितलं, की मी मनात म्हनलं, झालं, सुटला माझा सिद्धू! सांजच्या मोटारीनं घरी.

मग सिद्धूला उभं केलं. सायबानं फळी हातात घेतली, उलटीसुलटी केली. त्येला ती उघडती कशी ह्येचंच कवतिक वाटलं आसंल. खिट्टी फिरवाय गेला, उलट्या बाजूला फिरवली, फिरंना. तो जोर लावाय लागला.

सिद्धूच्या तोंडातनं निघून गेलं, "तशी न्हाई, सायेब. डावीकडं."

सायबानं डावीकडं फिरवली. खिट्टी सुटली. त्यानं मान वर केली. "ही फळी तू केलीस?"

वकील मान हालवून न्हाई, न्हाई करतोय. मी पदर तोंडात कोंबल्याला. अजून बी वेळ गेल्याली न्हवती. पलटनीत असल्या खिट्ट्या बघितल्यात म्हनला असता तरी चाललं असतं. सायबाचं मन त्याच्याकडंच झुकल्यालं, आंधळ्यालाबी दिसत हुतं.

सिद्धूनं माझ्याकडं बघितलं. मग धरणेंद्राकडं बघितलं. मग फळीकडं.

"व्हय सायेब," म्हनाला. "मी केली. बापाच्यान मीच केली."

आन मग सांगाय लागला. कुनी इचारलं न्हाई तरी सांगाय लागला. बिजागरी खालीच का, नळ्या कडंनं का, उताणं पडून डोस्कं आत घालताना मानूस कसा गुदमरतो. हात हालवून हालवून सांगत हुता. जन्मात त्येला कुनी इचारलंच न्हवतं, ते आज इचारलं. त्याचं तोंड इतकं उजाळलं हुतं, की लढाईवरनं आला तवाबी तसं न्हवतं. सायेब ल्हीत हुता. वकील खाली बसला. आन धरणेंद्र, त्यो चांडाळ, त्यानं रुमालानं घाम पुसला आन सुटकेचा श्वास घेतला, ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

दीड वर्साची सक्तमजुरी झाली. चांगल्या चालीचा दाखला गेला. कपाळावर चोर म्हनून लागलं ते लागलंच. आता तो माधवनगरला गिरणीत मागाची चाकं पुसतो आन घरी आला की भितीकडं त्वांड करून पडतो.

पर त्या दिशी, पोलीस त्येला कोर्टाच्या पायऱ्यांवरनं उतरवत हुतं, तवा मी आडवी गेली. पोलिसाला म्हनलं, एक शबुद बोलू द्या. सिद्धूच्या गचांडीला धरलं.

"मला शबुद दिलावतास. गजातनं हात दिलावतास रं!"

"अक्का," तो हळूच म्हनाला, "फळी माझीच हाय न्हवं."

"व्हय रं बाबा, तुझीच हाय," मी म्हनलं. "आन मी कुनाची?"

पोलिसानं दोरी ओढली. मी त्येला सोडलं आन मोटारीच्या अड्ड्याकडं चालाय लागली. धरणेंद्रानं फशिवलं ते पेढीवाल्याचं पोर म्हनून मी सोसलं. चंदनबालेनं दार लावलं, ते आईचं काळीज म्हनून सोसलं. पर माझ्या पाठच्या भावानं एका पत्र्याच्या फळीसाठी मला सोडलं, ते आजतागायत माझ्यानं सोसवत न्हाई.